इकडलं सांगू का तिकडलं?

गंगाधरमामांना काहीही विचारलं, की ते आधी आपल्यालाच प्रश्न टाकायचे, "इकडलं सांगू का तिकडलं?" पगार पुरतो का, विचारा. पाऊसपाणी कसं आहे, विचारा. नुसतं "मामा, बरं आहे ना?" म्हणा. मान जरा तिरकी करून, डोळे बारीक करून हाच प्रश्न. इकडलं म्हणजे चाकणचं, आणि तिकडलं म्हणजे हिंगोलीकडच्या त्यांच्या गावाचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माणूस माझी फिरकी घेतोय. मी चिडून म्हणालो, "मामा, उभे कुठे आहात? तिथलं सांगा." ते म्हणाले, "तेच तर कळंना झालंय, साहेब. पगार इकडं होतो, अन् घर तिकडं हाय."

मी साहेब वगैरे कोणी नाही. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग प्रेसखाली ठोकून काढणारा एक कारखाना आहे, त्याच्या टाइम ऑफिसात बसतो. हजेरी बघायची, ओव्हरटाइम चढवायचा, महिन्याला पगाराच्या स्लिपा छापून वाटायच्या, एवढंच काम. मामा अकरा वर्षं तिथे प्रेसवर होते आणि अकराही वर्षं कंत्राटी होते. सहा-सात महिने भरले, की कागदावर त्यांना काढून टाकायचं आणि आठ दिवसांनी दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर परत घ्यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. प्रेस तीच, मामा तेच, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बदलायची. ब्रेक संपवून आले, की माझ्या खिडकीत डोकं घालून विचारायचे, "यंदा मला हिरवी का निळी?"

राहायलाही ते आमच्याकडेच होते. मोशीला आमचं दोन एकर रान होतं. आता त्यात खोल्यांची लांबलचक रांग आहे आणि पुढे रस्त्याला चार गाळे. यात माझं किंवा माझ्या वडिलांचं, तात्यांचं, कर्तृत्व शून्य. पणजोबांनी इंद्रायणीच्या काठाला रान धरलं आणि शहर आपल्या पायांनी तिथवर चालत आलं. मामांची गावाला पाच एकर होती. एकदा खोल्यांच्या मागे पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला, तेव्हा मामा कामावरून आले ते तसेच खड्ड्यापाशी बसले. ढेकूळ उचललं, चुरलं, वास घेतला. "माती तर सारखीच हाय की, साहेब," म्हणाले. "मह्या रानात कापूस येतो, तुमच्या रानात भाडं येतं." मी हसलो. चार दिवसांनी पहिली तारीख आली, तेव्हा मामांच्या खोलीचं भाडं मीच जाऊन आणलं.

त्या खोलीत ते पाच जण राहायचे. मामांच्या वाट्याला खिडकीखालची जागा होती, तिथे एक पत्र्याची पेटी आणि उशाला गुंडाळलेलं घोंगडं. नाश्ता कंपनीच्या कँटीनचा, जेवण कंपनीच्या कँटीनचं आणि रविवारी ओव्हरटाइम मिळाला तर ते खूश, कारण त्या दिवशीचंही जेवण सुटायचं. इकडच्या पगारातलं इकडे जितकं कमी खर्चेल तितकं तिकडे जास्त मोठं होतं, असा त्यांचा हिशेब. आणि गावाकडे तो पगार खरोखरच मोठा दिसायचा. तिथे मजुरीला जाणाऱ्याच्या घरात महिनाअखेर काय उरतं ते मामांना ठाऊक होतं, म्हणून गावी गेल्यावर ते कोणाला नाही म्हणू शकायचे नाहीत. देवळाच्या रंगाला यांचं नाव पहिलं, भाच्याच्या लग्नात आहेर यांचा मोठा. "तिकडं मला खुर्ची देतेत, साहेब," ते सांगायचे. "इकडं बसायचं स्टूलबी सुपरवायझरचं असतंय."

एका दिवाळीच्या महिन्यात मामांनी एकही सुट्टी घेतली नाही. रविवार सगळे भरले, कितीतरी दिवस सोळा-सोळा तास उभे राहिले. त्यात बोनस आला, मागच्या काही रजांचे राहिलेले पैसे आले, आणि सगळं एकाच स्लिपेवर छापलं गेलं. अशी स्लिप त्यांना अकरा वर्षांत मिळाली नव्हती आणि पुढेही मिळणार नव्हती. ती घेऊन ते परत माझ्या खिडकीत आले.

"साहेब, ही जरा जाड करून देता का? ओळखपत्रावानी."

"कशाला हो?"

"आबाला द्यायची. गावात लोक म्हातार्‍याला म्हनतेत, तुमचं पोरगं अकरा वर्सं झाले पुन्याला काय करायलंय? म्हातार्‍याला वाचता येत नाई. निदान दाखवता तरी येईल."

ऑफिसात ओळखपत्रांचं लॅमिनेशन करायचं मशीन होतं. मी स्लिप त्यात घातली, गरम गरम बाहेर काढली, कडा कात्रीने गोल कापून दिल्या. कोणाचं तरी भलं केल्याचा आनंद मला दिवसभर पुरला. आबा ती स्लिप एसटीच्या सवलतीच्या कार्डाबरोबर बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे, लग्नाकार्यात काढून दाखवायचे, हे मामा मला कौतुकाने सांगायचे. मीही कौतुकाने ऐकायचो.

मामांची मुलगी शीतल. बारावी सायन्सला तालुक्यात वरच्या नंबरात आली आणि नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं. त्या दिवशी मामांनी पहिल्यांदाच उलटा प्रश्न विचारला नाही. "नर्स व्हनार मही पोरगी," एवढंच म्हणाले आणि अख्ख्या लाइनला स्वतःच्या खर्चाने वडापाव दिले. कॉलेज खासगी होतं. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला ठराविक मर्यादेच्या आत असेल तर फी सरकार भरणार, नाहीतर आपण. मामांची वर्षभराची कमाई त्या मर्यादेला शिवणारसुद्धा नव्हती, मीच स्लिपा छापतो, मला पक्कं माहीत होतं. मामांनी गावी फोन केला आणि आबांना सांगितलं, शीतलला आणि कागदपत्रं घेऊन तलाठ्याकडे जा.

शीतलने रेशनकार्ड घेतलं, सातबारा घेतला, शाळेचा दाखला घेतला. ती झेरॉक्स काढायला गेली तेवढ्यात आबांनी बंडीतून आपला कागद काढून टेबलावर ठेवला. आबांचं काय चुकलं? त्यांचा आयुष्याचा अनुभव असा, की कचेरीत गरिबाला कोणी उभं करत नाही. नातीचं काम व्हायचं तर साहेबाला कळलं पाहिजे, की आपण कोणी ऐरेगैरे नाही. तलाठी माणूस वाईट नव्हता. त्याने स्लिप वाचली, शिक्का बघितला, आकड्याला बाराने गुणलं आणि तसा अहवाल वर पाठवला. शिवाय आबांना म्हणाला, "पोराचं चांगलं चाललंय की तुमच्या." आबा घरी आले ते आनंदात. त्यांनी मामांना फोन करून सांगितलं, "गंगा, तलाठीसायबानं मला बसायला खुर्ची देली."

दाखला हातात आला तेव्हा त्यावरचं उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी वर होतं आणि कॉलेजात कागद द्यायला आठ दिवस राहिले होते.

त्या आठ दिवसांतलं मला सगळं आठवतं आणि आठवलं की स्वतःची लाज वाटते. मामा रजा टाकून गावी गेले आणि दोन दिवसांत परत आले. तहसीलमध्ये सांगितलं होतं, कंपनीकडून वर्षभराच्या पगाराचं पत्र आणा, दुरुस्ती करून देतो. साधी गोष्ट. पण त्या वर्षात मामा कागदावर तीन कंत्राटदारांचे कामगार होते. एकाने धंदा गुंडाळला होता, त्याचा फोन बंद. दुसरा म्हणाला, बघू. मी मामांना घेऊन आमच्या मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, "आपल्या लेटरहेडवर कसं देणार? हा आपला माणूस नाही." अकरा वर्षं त्याच्या केबिनच्या काचेसमोर उभा राहिलेला माणूस त्या वेळीही समोरच उभा होता.

कोणीतरी सुचवलं, की इथलाच रहिवासी म्हणून इथे दाखला काढा. त्याला राहत्या जागेचा भाडेकरार लागणार होता. मी तात्यांना विचारलं. तात्या ओट्यावर पेपर वाचत होते.

"आमी कोनाला कागद करून देत न्हाई," ते म्हणाले. "कागद केला की मानूस चिकटतो."

"तात्या, मामा आहेत ते. त्यांच्या पोरीचं शिक्षण आहे."

"व्हय, मानूस चांगलाय. म्हणूनच सांगतो, इवहार नगं बिघडवू."

मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. ताटावरून उठायला हवं होतं. मी जेवलो आणि उठलो.

सहाव्या दिवशी मामा माझ्या खिडकीशी आले. जेवणाची सुट्टी होती, ऑफिसात मी एकटाच. ते सांगायला लागले, "तिथले साहेब म्हनले, पुन्यात एवढा पगार घेता अन् गरिबाच्या सवलती कामून मागता? इकडं सेतूतली मॅडम मही नेमीची स्लिप बघून म्हनली, एवढ्यात पुन्यात ऱ्हाता कसे?" दोघांचंही खरं होतं. आणि दोघांच्या मध्ये ती मुलगी लटकली होती.

लेटरहेड माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. टाइम ऑफिसचा गोल शिक्काही त्यातच. बारा महिन्यांचे खरे आकडे माझ्या कॉम्प्युटरवर होते. खोटं एक अक्षर लिहायचं नव्हतं, फक्त परवानगी न घेता लिहायचं होतं. मी ड्रॉवर उघडला. मामांनी शिक्का बघितला, माझ्याकडे बघितलं. माझा हात तिथेच राहिला, हे त्यांना दिसलं असणार.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "तुमालाबी लेकरं हायेत."

त्यांनी मला सोडवलं. मी ड्रॉवर बंद केला. मनात एवढंच आलं, की बरं झालं, तेच नाही म्हणाले. आजपर्यंत ही गोष्ट मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

आठवा दिवस गेला. शीतलची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली. आबांना कोणी रागावलं नाही, कारण आबांना काय घडलं ते कोणी सांगितलंच नाही. दाखला उशिरा मिळाला, असं त्यांना सांगण्यात आलं. मामांनी मला शपथ घातली होती, म्हातार्‍याचा फोन कधी आला तर तुम्हीही हेच सांगा. ती स्लिप अजून आबांच्या बंडीत आहे आणि अजून ते ती दाखवतात.

पुढच्या ब्रेकनंतर मामांना दोरी मिळाली नाही. नव्या कंत्राटदाराला पंचेचाळीसच्या आतले लोक हवे होते. मामा खिडकीशी आले तेव्हा मी मान वर केली नाही, तेच म्हणाले, "यंदा ना हिरवी ना निळी." त्याच कंत्राटदाराला तपासणीच्या टेबलावर बसायला बारावी झालेल्या मुली मात्र हव्या होत्या. नजर चांगली लागते त्या कामाला. आठ दिवसांनी मामा शीतलला घेऊन आले. उंच, सावळी, वडिलांसारखीच मान तिरकी करून बघणारी. तिचा फॉर्म मीच भरला. शिक्षणाच्या रकान्यात बारावी सायन्स लिहिलं आणि टक्के विचारले. तिने सांगितले. फॉर्ममध्ये टक्क्यांचा रकाना नव्हता, तरी मी विचारले.

मामा गावी जायला निघाले तेव्हा मी त्यांना नाशिक फाट्यापर्यंत गाडीवर सोडायला गेलो. पत्र्याची पेटी आमच्या दोघांच्या मध्ये. बसची वाट बघत उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मामा, बरं आहे ना?" आणि त्यांच्या प्रश्नाची वाट बघत राहिलो.

त्यांनी मान तिरकी केली, पण डोळे बारीक केले नाहीत. "आता लेकरू इकडं, अन् मी तिकडं," ते म्हणाले. "कुठलं सांगू?"

बस आली. पेटी मी वर चढवून दिली. त्यांनी खिडकीतून हात केला आणि माझ्याकडे न बघता कारखान्यांच्या बाजूला बघत राहिले.

महिना भरला. स्लिपा वाटताना शीतल रांगेत होती, गळ्यात निळी दोरी. पहिलाच पगार, त्यात तिनेही रविवार भरलेले. वडिलांपेक्षा कमी, पण गावाकडे पुन्हा मोठाच दिसेल असा. काही नाही तर निदान हे तरी करावं, म्हणून मी म्हणालो, "शीतल, आबांना बरं वाटेल. पाठवायची का गावी? मी जाड करून देतो."

ती क्षणभर मशीनकडे बघत राहिली.

"नको, साहेब," ती म्हणाली. "आबा कोनाला तरी दाखवतील."

मी स्लिपेची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. मागच्या मुलीने आपला नंबर सांगितला.