आंब्याचं वावर

मी अख्खी दुपार दुसऱ्याच्या शेताचे फोटो काढले. तेही मन लावून.

आईचे गुडघे आता पुण्यातल्या घराच्या जिन्यालाही तयार नसतात. कुरुंद्याचं माहेर तर लांबच राहिलं. "आंब्याच्या वावराचा, आमच्या त्या शेताचा, एक मोठा फोटो आण, पलंगासमोर लावू," एवढंच तिनं मागितलं. वर बजावलं, "आधी मामाला विचार." मी हसलो. गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसानं विचारायचं?

वसमतला बस सोडली, ऑटोनं कुरुंदा गाठलं आणि मामाचं घर टाळून थेट शिवारात शिरलो. हळद काढणीचे दिवस. हवेत शिजत्या हळदीचा उग्र, मातकट वास. काळ्या रानात एकच डेरेदार आंबा, मोहरानं लगडलेला. हाच! उभ्यानं टिपला, बसून टिपला, शेवटी ढेकळांत पालथा पडून टिपला. डोळेसुद्धा भरून आले.

"काहून लोळून राहिलास रे लेकरा? चक्कर आली का?"

मागे एक म्हातारी, डोक्यावर गवताचा भारा.

"नाही मावशी, आमच्या आजोबांचं झाड आहे ना..."

"आजोबाचं? माझ्या सासऱ्यानं लावलंय ते!" माझ्या आईचं नाव विचारून तिनं बांधापलीकडे हात केला. "तुमचं आंब्याचं वावर ते. हळद वाळत घातलीय ते."

"पण तिथं आंबाच नाही!"

"तो कवाच वादळात पडला."

"मग अजून आंब्याचं वावर कसं म्हणता?"

"तुझा आजोबा बी गेला की. तरी तुला त्याचाच नातू म्हणतेत ना?"

ऊन उतरत चाललं होतं. पळत बांध ओलांडला. मामा हळद गोळा करत होता. माझा मातकट अवतार बघून त्यानं काही न विचारता भाकरी-ठेचा पुढे केला. पण पाठीमागे सूर्य टेकत आलेला. भाकरी हातात धरूनच एक फोटो घेतला. तेवढा एकच.

पुण्यात आईनं आंब्याचे फोटो भराभर सारले. "शेजारणीचा." शेवटच्या फोटोवर मात्र थांबली. पिवळीधमक हळद, उतार, बांध. मग बांधावरून बोट फिरवत म्हणाली, "हितं दगड हाय. त्याच्यावर बसून आमी बहिणी न्याहारी करायचो."

बोट अडलं ते फोटोत पडलेल्या माझ्या लांबलचक सावलीच्या टोकाशी.

"एवढ्या मोठ्या वावरात डोकं ठेवायला तुला नेमका तोच दगड सापडला व्हय रे?"