काकाजींच्या मागचा माणूस

“खोकला घेऊन जा गे मारबत! ढेकूण घेऊन जा गे मारबत!”

गांधीबागेतल्या एका कापडदुकानाच्या ओट्यावर उभे राहून, दोन्ही हात आभाळात फेकत काकाजी ओरडत होते. पोळ्याचा दुसरा दिवस. खाली रस्त्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, आणि माणसांच्या डोक्यांवरून मारबत नावाची ती अवाढव्य पिवळी बाहुली डुलत डुलत गावाबाहेर जळायला निघालेली. जाताना ती गावाची पीडा सोबत नेते, म्हणून ज्याला जे नको असेल ते त्यानं ओरडून तिच्या पदरात टाकायचं, असा आमच्या नागपूरचा रिवाज. ढेकणांनंतर काकाजींनी श्वास घेतला. दुकानात टांगलेली लुगडी चांगली हातभर पुढे ओढली गेली. मग आवाज फुटला, “आमचा साहेब घेऊन जा गे मारबत!”

साहेब त्यांच्या मागेच उभे होते. सोबत बाईसाहेब.

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क काकाजी ज्याच्याबद्दल बोलायला तोंड उघडत, तो माणूस त्यांच्या पाठीमागे उगवलाच पाहिजे, असा विधिलिखित नियम होता. आम्ही त्याचा सरकारी कामासाठी उपयोगही करून घेत असू. ऑफिसातला नळ गळून गळून खाली बदकं पोहायला लागली होती आणि नळवाला उन्हाळ्यापासून फरार. शेवटी आम्ही काकाजींना चहा पाजला आणि नळवाल्याचा विषय काढला. “तो काय नळ दुरुस्त करन? त्याच्या घरचाच गळून राहिला,” एवढं ते बोलले मात्र, दारात पान्हा घेऊन नळवाला हजर.

त्यावर काकाजींचं म्हणणं ठरलेलं असे. “मी कोणाच्या मागे बोलत नाही गा. लोकच माह्या मागे येऊन उभे राहतात.” काकाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण कोणाचं वाईट बोलण्याआधी मी अजून मान वळवून पाहून घेतो. निंदेची निम्मी गोडी तिथंच जाते.

पण माणूस असा, की चुकला तर त्याला अन्न गोड लागत नसे. लकडगंजात एका लग्नाच्या पंगतीत ते मोठ्यानं म्हणाले, “वरण वाढलं का हात धुवाले पाणी देलं?” मागे वरणाची बादली घेऊन साक्षात मुलीचा बाप. त्या बिचाऱ्याचा चेहरा पाहून काकाजींनी ते वरण पाच वाट्या मागून प्यायलं. तेवढ्यानं भागलं नाही. कंबरेला पंचा बांधून शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत राहिले. वराकडच्या लोकांना वाटलं आचारी आहे, आणि त्यांनी पुढच्या लग्नाचं विचारूनसुद्धा टाकलं.

साहेबांवरचा त्यांचा राग मात्र साधासुधा नव्हता. काकाजींची बदली सिरोंच्याला निघाली होती. तिकडे पावसाळ्यात रस्ता नदीत शिरायचा तो दिवाळीलाच बाहेर यायचा. घरी काकूंचं दुखणं, रामदासपेठेतल्या डॉक्टरांचं औषध चालू, आणि त्यांना दर पंधरवड्याला दाखवणं भाग. बदली थांबवणं साहेबांच्या एका सहीवर होतं, आणि साहेब “पाहू, पाहू” म्हणत नुसतेच पाहत होते.

तर तेच साहेब आता मागे उभे. काकाजींचे हात आभाळातच अडकले.

“मला न्यायचं म्हणजे कुठे?” साहेबांनी विचारलं. ते त्याच उन्हाळ्यात पुण्याकडून आले होते, हाच काय तो आधार. बाजूलाच उभा असलेला मी पुढे झालो. थापेच्या कामी ऑफिसात माझा हात धरील असा कोणी नव्हता.

“मानाचा प्रकार आहे, साहेब. ज्यानं लोकांचं भलं केलं त्याचं नाव इथं घेतात. देवीनं त्याला सोबत मिरवत न्यावं म्हणून.”

“आणि ढेकूण?”

“आडनाव आहे, साहेब. फार भली माणसं.”

“अगंबाई, मग मीपण म्हणते की,” असं म्हणत बाईसाहेब पदर खोचून ओट्याच्या कडेला आल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, “आमचे हे घेऊन जा गे मारबत!” एकदा म्हणून त्यांचं समाधान होईना. खालचा ढोलवाला टिपरू हातात धरून तसाच थांबला. गर्दीतल्या एका म्हातारीनं वर पाहून विचारलं, “काहून वं बाई, मारते काय तुले तो?” बाईसाहेब तिच्याकडे पाहून गोड हसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, बदली थांबवायचा कागद घेऊन या. मी कॉलर ताठ केली. काकाजी मात्र रात्रभर जागे असल्यासारखे दिसत होते.

“सवाष्ण बाईच्या तोंडून आपण तिच्या नवऱ्याले वाटेले लावलं गा.”

“आधी सही होऊ द्या, काकाजी. मग सांगा हवं तर.”

“सही झाल्यावर सांगितलं, त ती चोरी होते.”

“आणि काकूंचं औषध?”

काकाजींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि कागद घेऊन ते आत गेले. आम्ही सगळे दाराला कान लावून, एकमेकांच्या पायावर उभे.

“साहेब, तो मान-बिन काही नव्हता,” आतून आवाज आला. काकाजी हळू बोलत होते, म्हणजे चौकापर्यंतच ऐकू जात असेल. “मारबतीले पीडा देतात. मले तुम्ही नको होते, म्हणून मी तसं ओरडलो. बाईसाहेबांनी न समजता म्हटलं, त्याचा दोष माह्या माथी. सिरोंच्याले पाठवायचं असन त पाठवा. पण त्यांना सांगा, देवापुढे साखर ठेवा म्हणा.”

मग कागदावर टाक कुरकुरला, शाई टिपली गेली, आणि टेबलावरून कागद सरकवल्याचा आवाज आला.

“तिला अर्थ माहीत होता, काकाजी,” साहेब म्हणाले. “शेजारच्या बाईंनी आदल्या दिवशीच सांगितला होता.”