एक मफलर

प्रोग्रामचं काम संपलं तरी ऑफिसातल्या स्क्रीनवरची मेमरीची रेघ खाली येत नव्हती.

"मॅडम, प्रोग्रामने मेमरी सोडली ना? मग सिस्टिमला परत का मिळत नाही?" शेजारच्या टेबलावरच्या प्राचीने विचारलं.

"एखादा बारीक तुकडा वापरात राहतो. त्याच्यापायी आजूबाजूची मोकळी जागाही अडते. याला बिघाड म्हणत नाहीत," मी म्हणाले.

नवरा वारला तेव्हा त्याचे कपडे मी महिन्याभरात वाटून टाकले. कपाटातल्या त्याच्या कप्प्यात आता एक मफलर तेवढा आहे. सासूबाईंच्या गोधड्या मात्र खुर्चीवरच असतात.

"अगं, गोधड्या त्या कप्प्यात ठेव की," आज संध्याकाळी मी घरी आल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या.

मी मफलर काढला, झटकला, घडी करून होता तिथंच ठेवला.

"आई, गोधड्यांना उद्या पेटी आणते."

"आण," त्या म्हणाल्या आणि कपाटाचं दार त्यांनीच लावलं.