काकांचे हात वेळेवर होते

आमच्या रांगेतले दुकानदार तिला ठिणगी म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर ताई. माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या दुकानाला खेटून, मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे तिचा आवाज चढला की माझ्याकडचं गिऱ्हाईकसुद्धा कुजबुजायला लागायचं.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, केसांत खोचलेली पेन्सिल, कपाळावर कायमची आठी. लॅपटॉप-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. वडिलांनी टाइपरायटरपासून सुरू केलेलं आणि त्यांच्यामागे दोन भावंडांकडे आलेलं. काउंटरवर मोठा भाऊ, म्हणजे दादा. मागच्या टेबलावर ती. माणसं मशीन दादाच्या हातात देत, दादा ते मागे सरकवे, ती ते दुरुस्त करे आणि शाबासकी पुढच्या पुढेच वाटली जाई. दादा वाईट नव्हता. गोड बोलायचा, सगळ्यांची विचारपूस करायचा. फक्त लॅपटॉपचं झाकण उघडून आत हात घालायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा, आणि ही गोष्ट कुणाला कळू नये यासाठी तो काहीही करायला तयार असायचा. काहीही म्हणजे काय, ते त्या मंगळवारी कळलं.

दुपारची वेळ होती. दादा सामान आणायला गेला होता. मी तिच्याकडे चहा घेऊन बसलो होतो, तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले. एकतीस वर्षं घाटातली बस चालवून निवृत्त झालेला माणूस. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात भलीमोठी पिशवी. पिशवीतून प्लास्टिकचं स्टिअरिंग डोकावत होतं, खालून पायाने दाबायच्या पेडलची वायर लोंबत होती.

"हे पुसून टाका सगळं," काका म्हणाले. "आतलं सगळं. आणि कुणाला उपयोगी पडेल त्याला द्या. स्टिअरिंगसकट."

"का? बिघडलंय?"

"मशीनला काय धाड भरलीय? मीच बिघडलोय."

तिने पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. "बसा. नीट सांगा."

सांगण्यासारखं फार नव्हतं. दूरच्या शहरातल्या नातीने काकांना बस चालवायचा एक गेम लावून दिला होता. रोज संध्याकाळी आजोबा पुढच्या बसमध्ये, नात मागच्या बसमध्ये, दोघंही आपापल्या घरात बसून एकाच रस्त्यावर. वर्षभर मजेत चाललं होतं. चार महिन्यांपूर्वी लॅपटॉपचा पंखा फार घरघर करायला लागला, म्हणून काकांनी तो याच दुकानात आणला. पंखा गप्प झाला. पण घरी नेल्यावर बस उड्या मारायला लागली. वळण घ्यावं तर बस कठड्यात, ब्रेक दाबावा तर गाडी पुढच्याच्या अंगावर. काका पुन्हा दुकानात आले.

"मग?" तिने विचारलं.

"तुझे दादा म्हणाले, काका, मशीन उत्तम आहे. वयानुसार हात थोडे हळू चालणारच. मनाला लावून घेऊ नका." काका हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "खोटं कशाला बोलतील? एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला. आणि इथे रोज कठडा. नात शेवटी म्हणाली, आजोबा, आपण दुसरं काहीतरी खेळू या का? मग मी विचार केला, पडद्यावर हे होतंय तर रस्त्यावर काय होईल? स्कूटर भाच्याला देऊन टाकली. बायकोची औषधं आणायला आता चालत जातो. चौकापर्यंत पाऊण तास लागतो, गुडघे असे आहेत."

ठिणगीच्या कपाळावरची आठी खोल गेली. "लावा ते स्टिअरिंग. मला चालवून दाखवा."

"कशाला? नको आता."

"काका, लावा म्हणते ना!"

काकांनी मुकाट्याने टेबलाच्या कडेला स्टिअरिंग आवळलं, पेडल पायाशी ठेवलं. गेम सुरू झाला. मी पडद्याकडे बघत होतो. ती मात्र काकांच्या हातांकडे. वळण जवळ आलं. हात वळले, अगदी शांतपणे, जणू घाट पाठ आहे. बस तशीच सरळ गेली, अडखळली, मग एकदम गचकन वळली आणि कठड्याला घासली. दुसरं वळण. पुन्हा तेच.

"थांबा," ती म्हणाली. "तुमचे हात वेळेवर आहेत. पडदा मागून येतोय."

काकांना ते पटलं नाही. त्यांनी मान हलवली, तसा तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. चारदोन खिडक्या उघडल्या, एका यादीवर बोट ठेवलं.

"काका, या मशीनमध्ये चित्र काढणारे दोन जण आहेत," ती म्हणाली. आवाज मुद्दाम खाली ठेवलेला. "एक लहान, तो प्रोसेसरच्या पोटातच असतो. पत्र लिहा, फोटो बघा, त्याला पुरे. बॅटरीही कमी खातो. दुसरा मोठा, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड. गेम त्याने चालवायचा. त्या मोठ्याला कुणीतरी बंद करून ठेवलंय. हे बघा, नावापुढे खाली तोंड केलेला बाण. म्हणजे हा बंद आहे. तुमचा अख्खा घाट चार महिने त्या लहानग्याने ओढला."

"कुणी बंद केला?"



मोठं कार्ड तिने चालू केलं आणि गेम लावला. पाच मिनिटांत पंखा असा घोंघावायला लागला की माझ्या दुकानात कामाला असलेली बाई डोकावून गेली. मशीन तापलं, बस पुन्हा अडखळली. तिने लॅपटॉप बंद केला, उलटा घातला, स्क्रू काढले. पंख्यावर धुळीचा थर बसला होता, घोंगडीसारखा जाड. तो तिने चिमटीने उचलून कागदावर ठेवला. पाती ब्रशने साफ केली, चिपची उष्णता ओढून घेणारी, वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. अर्ध्या तासाचं काम.

पुन्हा गेम लावला. पंखा शांत. बस मात्र अजून उड्या मारत होती.

"बघ," काका उठायला लागले. "मी म्हणालो नव्हतो?"

"बसा खाली!" ती इतक्या जोरात ओरडली की माझा चहा सांडला. "अजून माझं झालेलं नाही."

तिने पुन्हा तपासलं. मोठं कार्ड जागं होतं, पण निवांत बसलेलं. राबत होतं लहानच. कुठला प्रोग्रॅम कुठल्या कार्डावर चालवायचा त्या सेटिंगमध्ये गेमचं नाव मोठ्याच्या पुढे होतं. तरीही. मग तिच्या लक्षात आलं. ते नाव गेमचं नव्हतंच. ते नुसत्या फाटकाचं होतं: आधी उघडणारी, 'खेळा' असं बटण असलेली छोटी खिडकी. ती खिडकी आतला खरा गेम सुरू करते, आणि तो वेगळ्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये बसलेला. आधी तो आपोआप मोठ्या कार्डावर जायचा, कार्ड बंद केलं तेव्हा ती सोय मोडली होती. तिने तो शोधला, यादीत घातला आणि त्याच्यापुढे मोठं कार्ड लावलं.

"आता घ्या वळण."

काकांनी वळण घेतलं. बस वळली. दुसरं घेतलं. पुढे एक अवघड उतार होता, तिथे त्यांनी गिअर उतरवला आणि बस लोण्यासारखी खाली आली. अकरा वळणं झाली. मला वाटलं होतं, खूश होतील. पण बाराव्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"चार महिने," ते म्हणाले. "चार महिने मी स्वतःचे हात उशाशी घेऊन रडलोय. कुठाय तो?"

दादा त्याच वेळी पिशव्या सावरत आत आला. टेबलावरचं स्टिअरिंग बघून त्याचं तोंड उतरलं, आणि ते उतरलेलं तोंडच पुरेसं होतं.

"तू बंद केलंस?" ठिणगीने विचारलं.

"अगं, पंखा वाजत होता. ते बंद केल्यावर वाजायचा थांबला. तू नव्हतीस तेव्हा, आईच्या ऑपरेशनसाठी गेली होतीस. मला ते उघडता येत नाही, माहितेय ना तुला."

"मग तसं सांगायचं! 'माझी बहीण येईल, ती करेल.' एवढं म्हणायला जीभ झडली असती तुझी?"

"गिऱ्हाइकासमोर असं कसं..."

"गिऱ्हाइकासमोर बहिणीचं नाव घ्यायची लाज वाटते, पण धडधाकट माणसाला म्हातारा ठरवायची नाही वाटत? स्वतःची चूक झाकायला तू त्यांचे हात तोडलेस, दादा!"

दादा काकांकडे वळला. "काका, माफ करा, माझ्या लक्षात नाही आलं की..."

"लक्षात आलं होतं," काका म्हणाले. "मी दुसऱ्यांदा आलो तेव्हा आलं होतं. तेव्हाच तू हातांचं बोललास."

काकांनी स्टिअरिंग सोडवून पिशवीत भरलं, लॅपटॉप उचलला. "संध्याकाळी सहाला घरी ये," ते दादाला म्हणाले. "नात गेमवर येते त्या वेळेला."

दादा गेला. मीही गेलो, म्हटलं दोघांचं डोकं ठिकाणावर राहील. काकूंनी दार उघडलं. खोलीत एकच रिकामी खुर्ची होती, दादा तिच्यावर बसायला लागला, तसे काका पाठमोरेच म्हणाले, "बस भरलीय. उभा राहा."

आणि पन्नास मिनिटं तो उभा राहिला. पूर्ण घाट. मधे एकदा त्याने पाय बदलला, एकदा भिंतीला टेकायला गेला तर काकांनी नुसता घसा खाकरला. स्पीकरमधून नातीचा आवाज येत होता: "आजोबा, किती फास्ट! थांबा की, मी मागे राहिले!" काका तिच्याशी हसून बोलत होते, आणि मान वळवून दादाकडे बघत तेव्हा तेच डोळे पुन्हा कोरडे होत होते. शेवटच्या थांब्याला गाडी लावून त्यांनी इंजिन बंद केलं.

"किती वेळा कठड्याला लागली?"

"एकदाही नाही," दादा म्हणाला.

"हं. जा आता."

माफी त्यांनी दिली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला, तर त्याने स्कूटर केव्हाच तिसऱ्याला दिली होती. ती गेली ती गेलीच. काका अजून चौकात चालतच जातात आणि आमच्या रांगेसमोरून जाताना दादाकडे बघतसुद्धा नाहीत.

ठिणगी आठ दिवस भावाशी बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं, तर ती काउंटरवर बसलेली आणि दादा मागच्या टेबलावर. समोर एक जुना, मेलेला लॅपटॉप उलटा पडलेला. पन्नाशीच्या माणसाने चष्मा कपाळावर सरकवून छोटा स्क्रूड्रायव्हर दोन्ही हातांत धरला होता.

एक गिऱ्हाईक तिला विचारत होतं, "दुरुस्त करणारे दादा आहेत का?"

"दुरुस्त मी करते," ती म्हणाली. "दादा शिकतोय." मग मागे न बघताच ओरडली, "तो स्क्रू तिथला नाही! किती वेळा सांगू, लांब स्क्रू कडेला!"

प्लायवूडच्या भिंतीपलीकडून स्क्रू जमिनीवर घरंगळल्याचा आवाज आला, आणि दादाचा, टेबलाखालून: "सापडला, सापडला. ओरडू नकोस."