बोर्डाचं बटण आणि आईची गाणी

फोन उघडला की वर रोज तीच ओळ यायची, जागा संपत आली. ती हिंदीत येते म्हणून मला वाचता येते. वाचली की जीव थाऱ्यावर राहत नसे. त्या फोनमध्ये माझ्या आईची भुलाबाईची गाणी आहेत. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी अंगणात बसून तिनं म्हटली आणि मी फोन पदराखाली धरून भरून घेतली. समोर धरायची लाज वाटली. म्हणून तिच्या आवाजाच्या आधी पदराची खसखस येते. फोन भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, असं कुणीतरी बोलल्याचं कानावर होतं. खरं का खोटं, हे विचारणं मला जमलं नाही.

लेक पुण्याहून आठवडाभर आली, तिला मात्र सांगितलं. ती म्हणाली, "बाबांचा जुना कॉम्प्युटर पडून आहे. त्याचा घरचा सर्व्हर करू. गाणी त्यात राहतील आणि वायफायवरून तुझ्या फोनवर वाजतील."

मग त्यात कोणती सिस्टिम टाकायची, यावर बापलेकीचं सुरू झालं.

"विंडोजच राहू दे," हे म्हणाले. "सवयीचं आहे. तू काही नवं टाकशील, अन् गेल्यावर माह्या डोक्याला ताप."

"सवय तुम्हाला आहे, बाबा. तुम्ही तर दिवसभर तेलीबांध्याला ऑफिसात. घरी आई असते."

"मग तुह्या आईले नुसत्या अक्षरांची काळी स्क्रीन देशील काय? चौथी शिकलेली बाई."

मी भाजी चिरत होते. बोलणं माझ्याबद्दल होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. मी उगाच आत-बाहेर करत राहिले, एक डबा तीनदा पुसला.

शेवटी यांचं ऐकून लेकीनं विंडोजवरच जमवलं. फोनवर आईचा आवाज आला आणि मी पाटावर बसले. संध्याकाळी तिघं बूढ़ा तालाबाकडे फिरायला निघालो. निघताना मी बोर्डाची सगळी बटणं बंद केली. एकदा विजेनं आमचा टीव्ही जळला, तेव्हापासून आमच्याकडे बोर्ड बंद केल्याशिवाय कुणी कुलूप लावत नाही. लेक तोवर गल्लीत स्कूटर काढत होती.

परत येऊन सगळं सुरू केलं, कॉम्प्युटरचंही बटण दाबलं. फोनवर गाणं लागेना. परत दाबलं. नाही. दोघं चहा पीत हसत होते, आणि मी दारापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते. शेवटी तोंडातून निघालं, "बाई, आई वाजून नाही राहिली."

लेक उठली. "बोर्ड बंद केला होतास?"

"हव."

"असं एकदम बंद केलं की बिघडू शकतं, आई. आणि हा आता पासवर्ड मागतोय. तो दिल्याशिवाय गाण्यांचा प्रोग्राम सुरू होत नाही. मी सांगते तसा टाकून बघ."

इंग्रजी अक्षरं शोधून शोधून मी दाबली. पडद्यावर नुसते ठिपके. चुकलं. पुन्हा चुकलं.

"माहा पासवर्ड मलेच जमत नाही, तिले काय जमते," हे म्हणाले. "पण विंडोजमध्येही याचा इलाज असन."

"आहे ना, बाबा. पण आधी आईला विचारू दे." ती माझ्याकडे वळली. "तुले काय पाहिजे, आई?"

मी खाली फरशीकडे बघून बोलले. "मी बंद केलं अन् परत चालू केलं, तर त्यानं आपल्या मनानं सुरू व्हावं. मले काही विचारू नये."

ती म्हणाली, "मग विंडोजच्या जागी डेबियन टाकते. नुसतंच, वरची चित्रं-खिडक्या न घेता. बाबा, काळी स्क्रीनच बरी पडेल. ती आईला बघायचीच नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरमधलं यांचं सामान काढून घेतलं, गाणी पेन ड्राइव्हमध्येही घेतली आणि म्हणाली, आता जुनं सगळं पुसणार. तो शब्द ऐकला आणि मी पेन ड्राइव्ह मुठीत धरून स्वयंपाकघरात गेले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत होत्या, त्या मी दारातूनच बघितल्या. काम झाल्यावर तिनं पडदाच काढून ठेवला. नुसती पेटी उरली.

"बाहेर जाताना पेटीचं हे बटण एकदा दाब. दिवा विझला की मग बोर्ड बंद कर."

मी केलं. मग परत सगळं चालू केलं. कुणी काही विचारलं नाही. फोन हातात घेऊन उभी राहिले, आणि तो वेळ काही केल्या सरेना. मग पदराची खसखस आली, तिचा खोकला आला, मग गाणं. गाणं संपल्यावर ती विचारते, "ओळखा पोट्टीहो, खिरापत काय?" हे पेला हातात घेऊन तसेच उभे राहिले.

लेक जाताना म्हणाली, "आता फोनमधली काढून टाक, जागा होईल. पेटीत आहेत, पेन ड्राइव्हमध्येही आहेत."

बाजारातून आले की पाण्याच्या आधी मी पेटीचं बटण दाबते. दर वेळी आई लागते. तरी फोनमधली गाणी पुसायला बोट जातं आणि मागे येतं. लोक सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, ती तेवढी पुसत असते. आजही जागा संपत आल्याची ती ओळ आली. आज माझे स्वतःचे फोटो पुसले.