मला जुंपलं त्या सकाळी

मालकांनी माझ्या कमरेला दोर बांधला. बैलाचा दोर. गाठ त्यांनी स्वतः मारली, पोटावर गुडघा देऊन आवळली. माझं वय सेहेचाळीस. शाळेत मी बाबू, म्हणजे कारकून आहे, पण पोरं मला सर म्हणतात. समोर चौतीस पोरं-पोरी उभी होती. आकडा पक्का आहे, कारण हजेरी मीच घेत असे.

"पाहा रे," मालक म्हणाले, "आज बाबू आपल्याले शिकवनार हाय, मानसानं कसं पयावं ते."

काही जण हसले. दोराचं दुसरं टोक मालकांच्या पुतण्याच्या कमरेला होतं. पुतण्या बावीस वर्षांचा, त्या मैदानावर सगळ्यांत वेगवान.

मालक म्हणजे जुन्या मालगुजारांच्या घरचे. अल्लीपूरच्या बाहेर त्यांचं शेत, आणि शेताच्या कडेला शंकरपटाचे बैल पळवायची सरळ पट्टी. त्याच पट्टीवर ते दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करून घेत होते. फी नव्हती. म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं. माझा बाप त्यांच्याकडे वर्षाच्या बोलीवर सालदार होता, पटाचे बैल तोच फिरवायचा. मी दर रविवारी पोरांच्या धावण्याचा वेळ मोजायला जायचो. टेपने तीस मीटर मोजायचे, चुन्याची रेघ ओढायची, शिट्टी, स्टॉपवॉच, वही.

पद्धत बैलांचीच. नव्या गोऱ्ह्याला पळायला शिकवायचं, तर त्याला तयार बैलाच्या जोडीला जुंपतात. तयार बैल ओढतो, गोऱ्हा मागे राहूच शकत नाही. मालक पोरांनाही तसंच जुंपायचे. जो मागे पडेल त्याला तुतारी. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. अशा दहा फेऱ्या, मध्ये विसावा नाही.

आदल्या रविवारी माझी मुलगी पुतण्याच्या जोडीला होती. एकोणीस वर्षांची. सातव्या फेरीत तिचे पाय अडखळले आणि ती पडली. पुतण्या थांबला नाही. खडीवर घासल्याची खूण मी नंतर टेपने मोजली. चार मीटर दहा सेंटिमीटर. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं गेलं, मांडीचा मागचा स्नायू फाटला. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने पळायचं नाही. तिची भरती पाच आठवड्यांवर होती.

म्हणून त्या रविवारी मी वही घेऊन मालकांपुढे उभा राहिलो.

"मालक, सहाव्या फेरीनंतर सगळ्यांचा वेळ वाढते. तीन मिनिटं थांबवलं तं वाढत नाई. आकडे पाहा."

त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. "बैलाले इसावा कोन देते बे?"

"हे बैल नाई, मालक."

एवढंच बोललो.

"तुया बापानं कधी वही नाई काढली आमच्यापुढं," ते म्हणाले. "हात वर कर."

मी हात वर केले. हे लिहिणं भाग आहे. मला कोणी धरलं नव्हतं. दोर नीट बसावा म्हणून मीच हात वर केले.

शिट्टी झाली. पहिल्या हिसक्यात कंबर मोडल्यासारखी झाली. मालक मोटरसायकलवर मागे बसून शेजारून येत होते, गाडी त्यांचा गडी चालवत होता. खिळा पोटरीत शिरला. पहिल्या फेरीत एकदा. दुसरीत दोनदा. तिसरीत पुन्हा दोनदा. बुटात रक्त साचलं, पाय आत घसरायला लागला. चौथ्या फेरीत मी रेघ ओलांडली आणि तोंडावर पडलो. तोंडात खडी गेली. मालक गाडीवरून उतरले आणि तुतारी उलटी धरून मागच्या बाजूने माझ्या पाठीवर मारायला लागले. मी मोजत होतो. तेवढंच येतं मला. नऊ.

तेव्हा एक पोरगी मोठ्याने ओरडली, "पाच पॉइंट आठ, सर!"

स्टॉपवॉच तिच्या हातात होतं. ती चेष्टा करत नव्हती. काही झालं तरी वेळ मोठ्याने वाचायचा, हे तिला मीच शिकवलं होतं. आणि तो आकडा चारही फेऱ्यांत सगळ्यांत कमी होता. तोंडात रक्त असताना क्षणभर मला बरं वाटलं.

त्या बरं वाटण्याची मला शिसारी आली. पाठीवरच्या माराची आली नव्हती.

दहाव्या वेळी तुतारी खाली आली ती मी पकडली. ओढली. मालक गुडघ्यांवर आले. मी काठी फिरवली आणि खिळा त्यांच्या गळ्याला लावला.

"अबे, मालकावर हात उचलून राह्यला तू?"

"माया मालक कोनी नाई. दोर सोडा."

खिळा थोडा रुतला. रक्ताचा एक थेंब त्यांच्या पांढऱ्या कॉलरवर पडला. पुतण्याने जवळ येऊन गाठ सोडली. मी खिळा पुढे दाबला नाही. दया आली म्हणून नव्हे. दाबला असता तर पोरांवरच्या दोन वर्षांच्या माराचा खटला उभाच राहिला नसता, फक्त माझ्या एका वाराचा राहिला असता.

तसाच ठाण्यात गेलो. पाच टोचा, नऊ काठ्या, मुलीचे चार मीटर दहा सेंटिमीटर, सगळं लिहून दिलं. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, वहीत काही आकड्यांसमोर फुल्या हायेत. त्या कायच्या?"

तुतारी लागली की त्या वेळेसमोर मी फुली मारत असे. तो आकडा वेगळा ओळखता यावा म्हणून. तिला तसंच सांगितलं.

"माया नावासमोर किती?"

"अकरा."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ते बी लिहून द्या. कोन पाहत होतं, तेबी."

मी पुन्हा ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, "बाबू, याच्यात तुमीबी फसता."

"फसू द्या. लिहा."

मालकांचे चार निरोप आले. आमच्या भावकीतले दोघं येऊन बसले, बापाने खाल्लेल्या मिठाची आठवण देऊन गेले. शाळेने खुलासा मागितला आहे. नोकरी जाऊ शकते. जबानी दोन पानांची होती, आता तीन पानांची आहे, आणि तिसरं पान माझ्याविरुद्ध आहे. कोर्टात मी आधी ते वाचणार. मग पहिली दोन. एकही ओळ खोडणार नाही.