फ्रीजरबाईंच्या जुळ्या नळ्या

प्रयोगशाळेत तिला सगळे फ्रीजरबाई म्हणत. वीस वर्षं ती रक्ताचे नमुने तपासत होती आणि ते ठेवायचे फ्रीजरही सांभाळत होती. एका दुर्मीळ तापावर समुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेबरोबर संशोधन चाललं होतं. संचालक वर्षातून दोनदा तिकडे जात, हस्तांदोलनाचे फोटो घेऊन परत येत. खरं काम चालायचं फ्रीजरबाई आणि तिकडच्या तंत्रज्ञात. तो एकदा तीन आठवडे इथे शिकायला आला होता, तेव्हापासून तिला ‘ताई’ म्हणायचा. दोघांनी आपसांत ठरवलं, प्रत्येक नमुन्याच्या दोन नळ्या करायच्या. एक इथे, एक तिथे.

“दुहेरी खटाटोप कशाला? जागा अडते,” संचालकांनी नाक मुरडलं.

“फ्रीजरमध्ये अडते साहेब, तुमच्या केबिनमध्ये नाही.”

मग साथ आली. सीमा बंद झाल्या, विमानं थांबली. संचालकांनी घरबसल्या ‘संकटकाळातील आंतरराष्ट्रीय सहकार्य समिती’ नेमली. अकरा विद्वान रोज पडद्यावर जमत. समितीच्या नावात ‘काळातील’ असावं की ‘काळी’, यावर तीन आठवडे खल झाला. एक विद्वान तर महिनाभर माइक बंद ठेवून बोलले. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

बस बंद, म्हणून फ्रीजरबाई तासभर चालत कामावर जायची. नवरा म्हणाला, “त्या नळ्यांना कळतं तरी का, तू येतेस ते?”

“तुम्हाला तरी कुठे कळतं!”

एका सकाळी तिकडून फोन आला. तंत्रज्ञ मोडक्या इंग्रजीत हुंदके देत होता. “ताई, चार दिवस वीज नाही. जनरेटरचं डिझेल संपलं. सगळं वितळलं.”

ती म्हणाली, “रडतोस काय? यादी काढ. प्रत्येक नळीची जोडीदार माझ्याकडे आहे.”

आठ महिने ती इथे चाचण्या करून आकडे फोनवर सांगायची, तो तिथे तक्ते भरायचा. संशोधन तरलं. समितीचा नव्वद पानी अहवालही आला. त्यात ‘लवचीकता’ पानोपानी होती, फ्रीजर एकदाही नव्हता.

सीमा उघडल्यावर तिकडचे पाहुणे आले, सोबत तो तंत्रज्ञ. संचालक ऐटीत सगळ्यांना फ्रीजर दाखवायला दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. दार उघडलं तर आत मोडक्या खुर्च्या. फ्रीजर चार वर्षांपूर्वीच तळमजल्यावर हलवले होते.

“ताई कुठे आहे?” तंत्रज्ञाने विचारलं.

आवाज ऐकून फ्रीजरबाई जिना चढून वर आली. तिने त्याला डोळे भरून पाहिलं, मग पाहुण्यांना खाली नेऊन नळ्या दाखवल्या. संचालक फोटोसाठी फ्रीजरच्या उघड्या दारातच उभे राहिले.

“साहेब, बाजूला व्हा,” ती म्हणाली. “दार लावायचंय.”